आपोआप मऊ होणारा पडदा

१२ जानेवारी १९९६, लुंड. सकाळ.

आजपासून स्नूस बंद. कायमचा.

काल सिग्नेला शब्द दिला. तिची अट साधी आहे. ३१ मेला माझ्या प्रबंधाचा डिफेन्स, म्हणजे जाहीर तोंडी परीक्षा, आहे. तोवर मी ओठाखाली स्नूसची, म्हणजे ओल्या तंबाखूची, एकही पुडी दाबली नाही, तर सप्टेंबरपासून आम्ही माल्मोला तिच्या नव्या फ्लॅटमध्ये एकत्र राहायचं. दाबली, तर ती तो फ्लॅट एका मैत्रिणीबरोबर घेणार. सिग्ने दातांच्या दवाखान्यात काम करते. म्हणाली, दिवसभर लोकांच्या खराब हिरड्या बघते रे मी, घरी येऊन तुझ्याही बघू का? रास्त आहे.

सोळाव्या वर्षापासून बार भरतोय. पण इच्छाशक्ती असली की काही अवघड नसतं. माझ्याकडे ती भरपूर आहे. आजवर वापरलीच नाही, त्यामुळे शिल्लक मोठी असणार.

त्याच दिवशी, दुपार.

उरलेली डबी फेकणार होतो. जवळजवळ भरलेली आहे. विचार केला, फेकणं हा पळपुटेपणा झाला. डबी हाताशी असून हात न लावणं हा खरा संयम. घरी ठेवली तर सिग्नेला सापडेल, बाहेर ठेवली तर सुकेल. म्हणून प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात, माझ्या नमुन्यांच्या बाटल्यांमागे सरकवून दिली. फ्रिजच्या दारावर माझी प्रोफेसर गुनवर हिच्या हातची पाटी आहे: आत खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत. स्नूस हा खाण्याचा पदार्थ नाही.

१५ जानेवारी

शनिवार-रविवार निभावला.

प्रबंधाचा विषय स्वतःलाच एकदा सोप्या भाषेत सांगून ठेवतो. डिफेन्सच्या वेळी तोंडात बसलेला असावा. कपडे मऊ करायच्या द्रावणात असतो तसा एक सरफॅक्टंट घ्यायचा. साबणाचा चुलतभाऊ. त्याच्या प्रत्येक रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना बघवत नाही. गरम पाण्यात घोटला की हे रेणू शेपट्या आत, डोकी बाहेर अशी दुहेरी रांग धरतात. रांगेचा पडदा होतो, पडदा स्वतःभोवती मिटून फुगा होतो. पाण्यातला, पाण्यानेच भरलेला, डोळ्याला न दिसणारा फुगा. त्याला व्हेसिकल म्हणतात. थंड असताना शेपट्या ताठ असतात. पंचेचाळीस अंशांच्या आसपास त्या ढिल्या पडतात आणि पडदा मऊ होतो. आता पाण्यात एखादा छोटा परका रेणू टाका, फुलातला म्हणा, फळाच्या सालीतला म्हणा. तो पाण्यात थांबत नाही. सरळ पडद्यात शिरतो आणि शेपट्यांच्या मध्ये अंग चोरून बसतो. रांग विस्कटते आणि पडदा वेळेआधीच मऊ पडतो.

पाच वर्षं मी हेच करतोय. परका रेणू घाल, तापव, मोज. सगळे आकडे अपेक्षेप्रमाणे. गुनवर म्हणते, व्यवस्थित काम आहे. व्यवस्थित! आजोबांच्या अंत्ययात्रेलाही लोक हेच म्हणाले होते.

एक प्रकरण बाकी आहे. त्यात काहीतरी दणकेबाज हवं.

१८ जानेवारी

डबीला हात लावला नाही.

१९ जानेवारी

डबीला हात लावला. उघडली नाही.

२२ जानेवारी

उघडली. शास्त्रज्ञाने बघायला घाबरू नये. फक्त वास घेतला. बर्गामॉट या संत्र्याच्या भाऊबंदाच्या सालीचा आंबटगोड वास आणि त्याच्याखाली ओली तंबाखू. वास घेणं म्हणजे बार भरणं नव्हे. झाकण आता नीट बसत नाही, तसंच टेकवून ठेवलं.

२५ जानेवारी, दुपार.

काहीतरी विलक्षण घडलं आहे.

तुलनेसाठी ठेवलेले साधे नमुने मोजले. हे बिनभेसळ. स्वच्छ पाणी, स्वच्छ फुगे, परका रेणू एकही नाही. पंचेचाळीसला मऊ व्हायला हवेत. चव्वेचाळीसच्या आतच झाले! यंत्र तपासलं, पुन्हा मोजलं. तेच. म्हणजे काहीही न घालता, नुसते फ्रिजमध्ये बसून बसून पडदे मऊ होत आहेत.

आपोआप.

हा शब्द लिहिताना अंगावर काटा आला.

त्या आनंदात एक पुडी ओठाखाली गेली. हात कधी गेला कळलंच नाही. हेही एका अर्थाने आपोआपच झालं. अपवाद म्हणून सोडून देतो.

२ फेब्रुवारी

गुनवरला सांगितलं. तिने चष्मा कपाळावर चढवला. म्हणाली, हाम्पुस, आपोआप फक्त धूळ साचते. बाकी सगळं कोणीतरी करतं. मग विचारलं, बाटल्यांना झाकणं कुठली लावतोस? मी म्हटलं, नेहमीची, प्लास्टिकची, दाबून बसवायची. म्हणाली, हं.

एवढ्या मोठ्या शोधासमोर बाई झाकणांवर अडकते. वय झालं आता तिचं. तरी मोजत राहा म्हणाली. मोजतो आहेच.

८ फेब्रुवारी

यालमार माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. त्याचा पदार्थही तोच, फ्रिज तोच, कप्पासुद्धा तोच. पण तो नमुने काचेच्या नळीत भरतो आणि नळीचं तोंड ज्योतीवर वितळवून बंद करतो. त्याच्या नमुन्यांत फरक शून्य. कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे, तुझेच फुगे लाडावलेले कसे?

मी शांतपणे समजावलं की त्याचे पडदे कोंडलेले आहेत. त्यांना श्वास घ्यायला जागा नाही. मोकळीक असली तरच निसर्ग बोलतो. यालमार म्हणाला, मग निसर्गाला विचार ना, कॉफीचे कप धुवायची पाळी कोणाची आहे ती.

माझीच होती.

१६ फेब्रुवारी

उद्या सिग्नेबरोबर आठवडाभर डोंगरात, स्कीइंगला. निघण्यापूर्वी ताजे नमुने करून फ्रिजमध्ये ठेवले. डबी मात्र बरोबर घेतली. वापरायला नाही. माझ्यामागे यालमारला सापडू नये म्हणून. बुटात, पायमोज्याच्या आत.

२० फेब्रुवारी, डोंगरात.

सिग्नेने मोजा उचलला, हुंगला आणि म्हणाली, तुझ्या पायांना चक्क संत्र्यासारखा वास येतोय. मी म्हटलं, नवीन पावडर आहे. पायांची. ती म्हणाली, मग मलाही दे की. आता लुंडला परतल्यावर संत्र्याच्या वासाची पायांची पावडर शोधणं आलं.

डबी अर्ध्यावर आली आहे. थंड हवेमुळे आकसली असावी.

२६ फेब्रुवारी

हादरलो. मी नसताना फ्रिजमध्ये राहिलेले नमुने तसेच्या तसे ताठ. पंचेचाळीसला एक दमडीचा फरक नाही.

दिवसभर विचार केला. कॉफीच्या दुसऱ्या कपाला उत्तर मिळालं. पडद्याला विश्रांतीचा काळ असतो. तो कधी येतो हे पडदा ठरवतो. माझं येणं-जाणं हा निव्वळ योगायोग. या काळावर स्वतंत्र परिच्छेद लिहायचा.

डबी पुन्हा जागेवर ठेवली.

१ मार्च

विश्रांतीचा काळ संपला! पडदे पुन्हा मऊ पडू लागले. मी म्हटलंच होतं.

४ मार्च

आता मात्र खरोखर कानाला खडा. काल सिग्नेने फ्लॅटचा नकाशा आणला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी पेन्सिलीने दोन खुर्च्या काढल्या. सकाळी बसस्टॉपवरच्या कचऱ्याच्या डब्यात डबी टाकली आणि वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या बसने परत जाऊन पाहिलं. डबा रिकामा केलेला होता. नगरपालिका कधी नव्हे ती तत्पर.

१५ मार्च

स्नूस नाही. खरंच नाही. डोकं दुखतं, यालमारचा चेहरा बघवत नाही, दारांचे आवाज मोठे झाले आहेत.

त्यात नवे नमुने ताठ. सगळे. प्रबंध छापायला जायची वेळ आली आणि माझा शोध गायब! हा विश्रांतीचा काळ फार लांबतोय. पडदा कायमचा तर नाही ना झोपला?

१८ मार्च

निराशेचा झटका आला. औषध म्हणून एक डबी आणली. मोठी, कडक, बर्गामॉट जादा. लहान लहान डब्या घेत राहणं म्हणजे सवय. एकच मोठी घेणं म्हणजे शेवट. फ्रिजमध्ये, नेहमीच्या जागी.

२५ मार्च

एकेचाळीस अंश!! इतका परिणाम आजवर कधीच दिसला नव्हता. पडदे असे मऊ झालेत की बाटली हलवली तरी पाण्याचा रंग वेगळा दिसतो. माझी मनःस्थिती सुधारली की पडदेही सुधारतात असं वाटावं. अर्थात हे विज्ञान नव्हे, योगायोग. पण सुंदर योगायोग.

याला नाव हवं. रुदेल परिणाम. स्वतःचं आडनाव स्वतःच देणं बरं दिसत नाही, म्हणून प्रबंधात लिहितो, "ज्याला पुढे रुदेल परिणाम म्हटले जाऊ शकेल असा".

९ एप्रिल

गुनवर महिनाभर फ्रान्समध्ये आहे, तिथल्या मोठ्या यंत्रावर मोजमापं चालली आहेत. प्रकरण फॅक्सने पाठवलं. परत आलं. समासात तिचं तिरपं अक्षर: झाकणं? पुढच्या पानावर पुन्हा: झाकणं? त्याच्या पुढच्या पानावर नुसतंच प्रश्नचिन्ह.

झाकणांचा उल्लेख तळटीपेत हलवला. आता तिला तो सहज दिसणार नाही.

प्रबंधाचं नाव ठरलं: "आपोआप मऊ होणारा पडदा".

३० एप्रिल

वसंताचा सण. अख्खं लुंड पार्कात गवतावर पसरलेलं, ऊन आहे म्हणून सगळे कोट काढून बसले आणि वारा आहे म्हणून कुडकुडले. सिग्नेने माझा मुका घेतला आणि थबकली. म्हणाली, बर्गामॉट? मी म्हटलं, चहा. हल्ली मी तो बर्गामॉट घातलेला वासाचा चहा पितो. ती म्हणाली, तुला तर चहा आवडत नाही. म्हटलं, माणूस बदलतो.

तिने लगेच शेजारच्या घोळक्यातून थर्मास मागून आणला आणि मला दोन कप पाजले. समोर बसून. घोट घोट मोजल्यासारखी बघत होती. फार प्रेमळ आहे.

१० मे

आज प्रबंध ठोकला!

कोपऱ्यात छिद्र पाडलेली प्रत, हातोडा, एक मोठा खिळा आणि विद्यापीठाचा लाकडी फळा. डिफेन्सच्या तीन आठवडे आधी प्रबंध सगळ्यांसमोर ठोकायचा, म्हणजे ज्याला शंका काढायची असेल त्याने येऊन वाचावा. एकदा ठोकला की काढता येत नाही. पहिला खिळा वाकला. लाकूडच हलकं. दुसरा यालमारने धरला. धरताना म्हणाला, जपून मार रे, ही बोटं आपोआप वाढत नाहीत.

गुनवर कालच परत आली आहे. तिने शॅम्पेन ओतली. सिग्नेने स्पेत्तेकाका आणला होता, साखर-अंड्यांचा तो ठिसूळ मनोरा, हात लावला की चुरा होणारा. सिग्नेने प्रत हातात घेऊन पहिलं पान मोठ्याने वाचलं, आपोआप मऊ होणारा पडदा, आणि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत अभिमान होता. निदान मी तो तसा घेतला.

आता कोणी काही करू शकत नाही. खिळा ठोकलेला आहे.

१४ मे

यालमारने फ्रिजमधला बर्फ काढायचं मनावर घेतलं. मला विचारायची गरज त्याला वाटली नाही. कॉफीच्या खोलीत गेलो तर टेबलाच्या मधोमध माझी डबी, आणि खाली कागद: ही कोणाची? फ्रिजमध्ये बाटल्यांमागे होती.

सगळे येत होते, वाचत होते, माझी नाही म्हणत होते. मीही म्हटलं, माझी नाही. वर हेही म्हटलं की तंबाखू तब्येतीला फार वाईट. हे थोडं जास्त झालं असावं, कारण यालमार टाळ्या वाजवायला लागला.

१५ मे

गुनवर कॉफी घ्यायला आली. डबी उचलली, झाकण टेकवलेलंच होतं, ते काढून हुंगली. मग फ्रिजपाशी गेली, माझी एक बाटली काढली, उघडली, हुंगली. पुन्हा डबी. पुन्हा बाटली. कॉफी तशीच टाकून दोन्ही घेऊन गेली.

मला यात घातपात दिसतो. यालमारला माझ्या शोधाचा हेवा वाटतो हे जगजाहीर आहे. त्याने माझ्या नमुन्यांत काहीतरी मिसळलं आणि संशय यावा म्हणून डबी शेजारी ठेवली. डबी माझीच निघाली हा त्याचा आणखी कावेबाजपणा.

१७ मे

काल सुट्टी, उद्या सुट्टी, त्यामुळे आज इमारत ओस. तरी गुनवर आली होती आणि मला बोलावलं होतं. टेबलावर दोन कागद. एक माझ्या बाटलीतून निघालेल्या रेणूंचा आलेख, दुसरा डबीवरच्या हवेतला. तिने एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. शिखरावर शिखर. बर्गामॉटच्या सालीतले रेणू ओळीने, आणि शेवटी निकोटीन.

निकोटीन!

तिने शांतपणे सांगितलं. डबीतून हे छोटे रेणू हवेत आले, प्लास्टिकच्या झाकणांतून बाटल्यांत उतरले आणि पाण्यात न थांबता थेट पडद्यात जाऊन बसले. डबी असली की पडदा मऊ, नसली की ताठ. यालमारच्या काचेच्या नळ्यांत ते शिरूच शकले नाहीत. पाच वर्षं मी जे हाताने घालून मोजत होतो, तेच इथे झालं. म्हणाली, अरे, स्वतःला सोडवत नाही ते सोड, फुग्यांनाही लावलंस!

मग विचारलं, डबी कोणाची, हाम्पुस?

मी म्हटलं, मला वाटतं ती आपोआप...

तिने चष्मा काढला. तिला बिनचष्म्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. तिला कळलं.

प्रबंध मागे घ्यावा लागेल का, विचारलं. आवाज माझाच होता पण पातळ झालेला. ती म्हणाली, मोजमापं उत्तम आहेत. एक शब्द सोडला तर सगळं बरोबर आहे. तेवढा बदल. चुकांची चिठ्ठी छापून प्रत्येक प्रतीत घाल.

पण तो शब्द पानापानावर आहे. मुखपृष्ठावरसुद्धा.

२० मे

चिठ्ठीचा मजकूर गुनवरने लिहून दिला: "या प्रबंधात जिथे जिथे 'आपोआप' असे छापले आहे तिथे 'लेखकाच्या स्नूसच्या डबीमुळे' असे वाचावे."

हे सिग्नेच्या हाती पडलं तर फ्लॅट गेला, दोन खुर्च्या गेल्या, सिग्ने गेली. चिठ्ठी घातली नाही तर प्रबंध गेला. रात्रभर झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं की कुठल्याही बाजूने स्वतःला समजावता येईना.

सकाळी मार्ग सापडला. गुनवरला म्हटलं, लेखकाच्या हा शब्द शास्त्रीयदृष्ट्या अनावश्यक आहे. पडद्याला काय फरक पडतो डबी कोणाची आहे याने? तिने चिठ्ठी पुढे ओढली. मग म्हणाली, पडद्याला पडत नाही, हे खरं.

आणि तो शब्द खोडला! आता नुसतं "स्नूसच्या डबीमुळे". गावात डब्या काय कमी आहेत?

२४ मे

चिठ्ठ्या घातल्या. फळ्यावर ठोकलेल्या प्रतीतही घातली. खिळ्यामुळे पान पूर्ण उघडत नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी अर्धी बाहेर लटकते.

सिग्नेला सहज सुचवलं की डिफेन्स फार कंटाळवाणा असतो, नाही आलीस तरी चालेल. ती म्हणाली, वा, मी तर रजा घेतलीय. आणि प्रबंधही वाचतेय. छान आहे, सोपा आहे. कुठवर आलीस विचारायचं धाडस झालं नाही.

२९ मे

शेजारच्या गटातले संशोधक माझ्या शोधाला स्नूस परिणाम म्हणायला लागले आहेत. जिन्यात दोघे बोलत होते. रुदेल हे नाव दोघांनाही माहीत नव्हतं.

३१ मे. संध्याकाळ.

सुरुवातीपासून लिहितो.

सकाळी सभागृह भरलेलं. परीक्षक म्हणून हेल्सिंकीहून आलेले प्रोफेसर पेनत्ती. ते इतके हळू बोलतात की प्रश्न संपेपर्यंत उत्तर तयार होतं आणि मग विसरायलाही होतं. तासभर त्यांनी चाळणीतून चाळावं तसा प्रबंध चाळला. शेवटी चिठ्ठी वर धरली आणि म्हणाले, माझ्या मते हा या प्रबंधातला सर्वोत्तम मजकूर. हवेतून, झाकणातून, पाण्यातून एवढासा रेणू नेमका पडद्यापर्यंत पोचतो आणि त्याला वाकवतो, हे इतकं स्वच्छ दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं. दुर्दैवाने ते मुद्दाम दाखवलेलं नाही. लोक हसले. मीही हसलो. वाटलं, संपलं.

मग नेहमीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला प्रश्न आहे का? कधीच कोणाला नसतो.

तिसऱ्या रांगेतून सिग्ने उभी राहिली. नवा निळा कोट. हातात प्रबंध, प्रबंधात बोट, बोटाशी चिठ्ठी. म्हणाली, मी रसायनातली नाही. माझा प्रश्न छोटा आहे. इथे लिहिलंय, स्नूसच्या डबीमुळे. कोणाच्या?

यालमार स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. गुनवर छताकडे. प्रोफेसर पेनत्तींनी पेन उचललं, जणू उत्तर टिपून घ्यायचं होतं.

तोंड उघडलं. जिभेवर तो शब्द आलाच होता, आ म्हणून बाहेरही पडला होता. सिग्नेकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. वाट बघत होती. जानेवारीपासून ती हेच करत होती हे मला त्या क्षणी कळलं. पायांची पावडर, तो चहा, ते टक लावून बघणं. दिवसभर लोकांच्या ओठांखाली बघणारी बाई ती. मला फार लाज वाटली.

म्हटलं, माझी.

ती म्हणाली, धन्यवाद. आणि बसली.

समितीने पास केलं. एकमताने, असं गुनवर म्हणाली. खरं सांगते का चेष्टा करते, तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही. डबी तिने आता रसायनांच्या कपाटात ठेवली आहे, कुलूपबंद, वर लेबल: प्रमाणित नमुना, हात लावू नये.

पार्टीत सिग्नेने मला हनुवटीला धरून खिडकीच्या उजेडात नेलं. लोक बघत होते. अंगठ्याने वरचा ओठ उचलला आणि दवाखान्यात बघते तसं बघितलं.

शेवटची कधी, तिने विचारलं.

आज सकाळी, मी म्हटलं. सभागृहात शिरण्याआधी.

आपोआप?

नाही, मी म्हटलं. हाताने.

ती हसली नाही. पण अंगठाही लगेच काढला नाही. मग म्हणाली, गुरुवारी सव्वाआठला ये. दवाखान्यात. पेशंट म्हणून.

मी विचारलं, आणि फ्लॅट?

ती कोटाची बटणं लावत म्हणाली, त्याचं आपोआप काही होणार नाही.

गुरुवार, सव्वाआठ. लिहून ठेवलं.